ध्यानातला अनुभव आणि त्याचे श्रेय

ठाण्यातल्या हिवाळी व्याख्यानांमध्ये ध्यान हा विषय आता ठरलेलाच असतो, आणि वक्ता कोणीही असला तरी प्रश्नोत्तरे एकाच जागी येऊन अडतात. नौपाड्यातल्या अशा एका कार्यक्रमात एक निवृत्त अभियंते उभे राहिले. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात आठव्या दिवशी आपले शरीर विरघळून नुसती स्पंदने उरल्याचे त्यांना जाणवले होते, आणि हे ध्यानामुळे घडले की नाही ते शिबिराला न गेलेल्या माणसाने आपल्याला सांगू नये, असे त्यांचे म्हणणे होते. मागच्या रांगेतून एक तरुण म्हणाला, "काका, याला प्लासिबो म्हणतात." म्हणजे खरे औषध नसतानाही निव्वळ अपेक्षेने जाणवणारा परिणाम. टाळ्या दोघांनाही पडल्या. सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचे जाहीर केले आणि वाद जिथून सुरू व्हायला हवा होता तिथेच मिटला. ऐरोलीतल्या कंपन्यांमध्ये आणि घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांमध्येही याच दोन भूमिका याच दोन सुरांत ऐकू येतात.

दोन्ही पक्षांचे गृहीतक मात्र एकच आहे, आणि सारा घोटाळा तिथे आहे. अनुभव खरा असेल तर त्याचे सांगितलेले कारणही खरेच असणार, असे साधक मानतो; ते कारण खोटे ठरले की अनुभवही निकालात निघाला, असे टीकाकार मानतो. मला ही जोडणीच मान्य नाही. ध्यानाला बसणाऱ्यांना जे घडते ते खरोखर घडते आणि ते सकारण घडते; पण त्या कारणांत विशिष्ट तंत्राचा वाटा किती, हे अनुभव घेणारा केवळ अनुभवाच्या बळावर सांगू शकत नाही. ते तुलनेनेच कळते. ही मागणी काही परदेशातून आलेली नाही. अमुक असता तमुक घडते हा अन्वय आणि अमुक नसता तमुक घडत नाही हा व्यतिरेक, असे दोन्ही पाहिल्याशिवाय कार्यकारणभाव ठरत नाही, हे आपल्याकडच्या तर्कशास्त्राने फार पूर्वी सांगितले. घट होण्यापूर्वी कुंभाराचा दंड आणि चाक असतात, तसे माती वाहून आणणारे गाढवही असते; म्हणून नैयायिकांनी गाढवाला घटाचे कारण मानले नाही, त्याला 'अन्यथासिद्ध', म्हणजे सोबत असलेले पण कारण नसलेले, म्हणून बाजूला काढले. शिबिरातले तंत्र हा दंड आहे की गाढव, एवढाच प्रश्न आहे. सभागृहात तो कोणी विचारत नाही.

साधकांच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आधी मान्य करायला हवा. आतल्या अनुभवाला बाहेरचा साक्षीदार नसतो. वेदना किती आहे हे रुग्णालाच विचारावे लागते आणि मन शांत झाले की नाही हे ज्याचे मन त्यालाच ठाऊक. कुठलेही यंत्र लावले तरी त्या यंत्रावरची रेघ शांततेची आहे हे ठरवायला आधी कोणाच्या तरी सांगण्यावरच विसंबावे लागते. तेव्हा 'मला असे जाणवले' या विधानावर शंका घेणे हा उद्धटपणा तर आहेच, पण तर्कदृष्ट्याही ते कच्चे आहे. मात्र 'मला असे जाणवले' आणि 'अमुक केल्यामुळे मला असे जाणवले' ही दोन वेगवेगळी विधाने आहेत. पहिल्याच्या बाबतीत साधक अधिकारी आहे. दुसऱ्याच्या बाबतीत तो तुमच्याआमच्यासारखाच एक अंदाज बांधणारा आहे. १९७७ साली रिचर्ड निसबेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या प्रयोगाचा दाखला दिला होता. ग्राहकांपुढे पायमोज्यांचे चार जोड मांडले आणि त्यांतला चांगला निवडायला सांगितले. चारही जोड अगदी एकसारखे होते, तरी सर्वांत उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांनी निवडला, आणि कारण विचारल्यावर वीण, पोत, दर्जा अशी उत्तरे दिली. मांडणीतली जागा हे कारण कोणी सांगितले नाही. सुचवल्यावरही लोकांनी ते झिडकारले. आपली आवडनिवड जर आपल्यालाच इतकी अपारदर्शक असेल, तर दहा दिवसांच्या मौनात, अर्धपोटी, पहाटे चारला उठून बसलेल्या माणसाला आपल्या अनुभवाचे नेमके कारण आतून दिसते, हे कशाच्या आधारावर मानायचे?

याच देशात झालेले एक संशोधन मला इथे फार महत्त्वाचे वाटते. हृदय इच्छेनुसार थांबवणाऱ्या योग्यांच्या कथा जगभर पोचल्या होत्या, आणि त्या नुसत्या ऐकीव नव्हत्या. डॉक्टरांनी मनगट धरून नाडी लागत नसल्याचे पाहिले होते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात वेंगर आणि बागची हे अमेरिकेतून आलेले संशोधक आणि दिल्लीचे शरीरक्रियातज्ज्ञ बी. के. आनंद यांनी अशा योग्यांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९६१ साली प्रसिद्ध झाले. नाडी खरोखरच मनगटावर लागेनाशी झाली, हृदयाचे ठोकेही कानाला ऐकू येईनासे झाले, पण विद्युत्‌आलेखात (ईसीजीत) हृदय चालूच होते. श्वास कोंडून छातीतला आणि पोटातला दाब वाढवला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि नाडी क्षीण होते, एवढे ते होते. यात लबाडी कोणाची होती? माझ्या मते कोणाचीच नाही. योग्याला आत जे जाणवत होते ते खरे, डॉक्टरांच्या बोटाला जे लागत नव्हते तेही खरे, आणि 'हृदय थांबले' हा निष्कर्ष तेवढा चुकीचा.

विज्ञानाचे नाव निघाले की आपल्याकडचे साधक दुखावतात, हे मला नवल वाटते; कारण महाराष्ट्रातच याच्या नेमकी उलट परंपरा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, आणि त्याच सुमारास ते उड्डियान आणि नौली या पोट आत ओढण्याच्या आणि घुसळण्याच्या योगक्रिया करताना पोटात काय होते हे क्ष-किरणांनी व दाबमापकाने तपासत होते. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली जातो, आणि बस्तीत, म्हणजे आतडे धुण्याच्या क्रियेत, पाणी वर चढते ते त्यामुळे, हे त्यांनी मोजून दाखवले. त्यांची योगावरची श्रद्धा त्यामुळे उणावली नाही. घडते ते खरे आहे, मग ते कशाने घडते ते पाहू, इतका साधा त्यांचा विचार होता. शंभर वर्षांनंतर त्याच महाराष्ट्रात 'अनुभव घ्या, प्रश्न विचारू नका' हे वाक्य अध्यात्माचे लक्षण मानले जाते, ही अधोगती नाही तर काय?

साधकांचा दुसरा मुद्दा संख्येचा आहे. एकाला भ्रम होईल. पण बेलापूरच्या पारसिक टेकडीवरच्या केंद्रात, इगतपुरीच्या धम्मगिरीत आणि जगभरच्या केंद्रांत, एकमेकांना न ओळखणारी हजारो माणसे सारखेच सांगतात, तेही भ्रमच का? मुद्दा टाकाऊ नाही, आणि त्यातला अर्धा भाग मी केवळ मान्यच करत नाही, तर टीकाकारांपुढे आग्रहाने मांडतो. न हलता, डोळे मिटून, एकाच संवेदनेवर लक्ष ठेवून तासन्‌तास बसण्याचे शरीरावर परिणाम होतात आणि त्यांतले पुष्कळसे श्रद्धेवर अवलंबून नसतात. न बदलणाऱ्या स्पर्शाची आणि दाबाची नोंद चेतासंस्था हळूहळू कमी करते. म्हणून अधिष्ठानाच्या, म्हणजे न हलण्याचा निश्चय करून बसण्याच्या, तासात मांडीवर ठेवलेल्या हाताची कड कुठे संपते ते कळेनासे होते. एका बिंदूवर नजर खिळवली की कडेच्या स्थिर वस्तू विरत जातात, हे त्रोक्सलर या स्विस वैद्याने १८०४ साली नोंदवले, आणि त्राटक करणाऱ्याला समईच्या ज्योतीभोवतीचे जग नाहीसे झालेले दिसते त्यात या परिणामाचा मोठा हात आहे. जलद आणि खोल श्वास घेत राहिले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्ताचे आम्ल-अल्क संतुलन बदलते, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, कधी हाताची बोटे वाकडी होऊन आखडतात. त्याला प्राणशक्तीचा संचार म्हणा किंवा आणखी काही, श्वास तसा घेतला तर नास्तिकालाही ते होणार. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९५०च्या दशकात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेने विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन नुसते पडून राहायला सांगितले होते. डोळ्यांवर धूसर चष्मे, हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानावर एकसुरी आवाज. कोणी मंत्र दिला नव्हता, कोणी गुरू नव्हता. तरी त्यांना आधी प्रकाशाचे ठिपके, मग नक्षी आणि पुढे चक्क चालती दृश्ये दिसू लागली, आणि बहुतेकांना हा आराम थोड्याच दिवसांत असह्य झाला. तेव्हा 'नुसते बसून काय होणार' असे म्हणणाऱ्याला नुसत्या बसण्याची ताकद ठाऊक नाही.

पण साक्षींच्या या एकमताचा उरलेला अर्धा भाग तितका निर्दोष नाही. एकमताला वजन येते ते साक्षीदार स्वतंत्र असल्यामुळे, आणि शिबिरातले साक्षीदार स्वतंत्र नसतात. ते रोज संध्याकाळी एकच प्रवचन ऐकतात. उद्या काय करायचे, काय जाणवू शकते, स्थूल संवेदना कोणत्या आणि सूक्ष्म कोणत्या, हे सारे त्यात असते, आणि आधी जाऊन आलेल्या जुन्या साधकांकडून बरेच काही येण्यापूर्वीच कानावर पडलेले असते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृतीचे जे वर्णन आहे ते ज्याच्या घरी लहानपणापासून वाचले जाते, त्याच्या पाठीच्या कण्यातून निघालेल्या साध्या शिरशिरीला नाव शोधावे लागत नाही. सारखेपणा शरीराचा आहे, आणि अर्थ शिकवणीचा. याचा पुरावा मतैक्यात नव्हे, मतभेदात सापडतो. विपश्यनेचा साधक त्याच शांततेतून 'मी' म्हणून काही नाही हा अनात्माचा प्रत्यय घेऊन उठतो. वेदान्ती त्याच शांततेतून एक आत्माच आहे हा प्रत्यय घेऊन उठतो. ख्रिस्ती संत ख्रिस्ताच्या सान्निध्याने व्याकूळ होतो. यांतला एक तरी चुकत असलाच पाहिजे, कारण आत्मा आहे आणि नाही या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. मग अनुभवाने नेमके काय सिद्ध केले?

नवी मुंबईच्या आगरी-कोळी गावांत नवरात्रात कोणाच्या अंगात येते तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या वेषात समोर असतो, फक्त तिथे सुशिक्षितांना उत्तर लगेच सुचते. ती बाई ढोंग करत नाही; तिला खरोखर भान नसते, एरवी न झेपणारे श्रम ती त्या अवस्थेत करून जाते. पण म्हणून देवी आली असे मानायला आपण तयार होत नाही, आणि ढोलामुळेच आले असेही म्हणत नाही, कारण तसाच ढोल वरातीत वाजतो तेव्हा कोणी घुमत नाही. ढोल, उपास, जागरण, धुपाचा धूर, जमलेल्यांची अपेक्षा, घरात पूर्वी कोणाच्या अंगात येत असे ही आठवण, हे सारे मिळून ते घडते. क्लबहाउसमध्ये चटईवर बसलेल्या संगणक अभियंत्याच्या बाबतीत हाच न्याय लावायला आपण कचरतो तो वर्गाच्या आणि भाषेच्या अभिमानामुळे. तर्कात मला तरी फरक दिसत नाही.

आता टीकाकारांकडे वळतो, कारण त्यांचा 'प्लासिबो' हा शब्द दिसतो तितका निर्णायक नाही. या वादाची एक जुनी आवृत्ती पॅरिसमध्ये घडून गेली आहे. फ्रान्झ अँटोन मेस्मर हा वैद्य 'प्राणिज चुंबकत्व' नावाच्या अदृश्य प्रवाहाने रोग बरे करत असे. त्याच्या दालनात रुग्णांना झटके येत, ते रडत, हसत, मूर्च्छित होत, आणि बरेच जण बरे होऊन जात. १७८४ साली सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसमध्ये राहणारे बेंजामिन फ्रँकलिन होते आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. मेस्मरने सहकार्य नाकारले. त्याचा शिष्य देलॉन तयार झाला. फ्रँकलिन यांच्या पासी इथल्या बागेत देलॉनने जर्दाळूच्या एका झाडाला 'चुंबकित' केले आणि या प्रवाहाला विशेष संवेदनशील असलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. पहिल्याच झाडापाशी त्याला घाम फुटला, आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. चुंबकित झाड या चारांपैकी कोणतेच नव्हते. पुढे दाराआड बसून एका स्त्रीवर तिच्या नकळत प्रयोग केला तेव्हा तिला काहीच झाले नाही. प्रवाहाशिवाय कल्पना परिणाम घडवते, आणि कल्पनेशिवाय प्रवाह काहीच घडवत नाही, हा समितीच्या निष्कर्षाचा गाभा होता. अन्वय-व्यतिरेकाचे इतके देखणे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

सभागृहातला तो तरुण ही गोष्ट इथे थांबवील, आणि तिथेच त्याचे चुकेल. मुलगा बेशुद्ध पडला होता! कल्पनेने पडला म्हणून तो कमी बेशुद्ध नव्हता. कल्पना हे कारण आहे, कारणाचा अभाव नव्हे. आणि समितीने प्रवाह नाही हे सिद्ध केले तरी कल्पना एवढे कसे करते हे कोडे तसेच उरले होते. पुढच्या शतकात, १८४५पासून, बंगालमधल्या हुगळी इथे जेम्स एसडेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने मेस्मरच्याच रीतीने रुग्णांना निद्रिस्त करून शस्त्रक्रिया केल्या. रुग्णांना वेदना जाणवल्या नाहीत असे वृत्तान्त आहेत, आणि सरकारने चौकशी करून त्याला कलकत्त्यात एक छोटे रुग्णालयही चालवू दिले. ईथर आणि क्लोरोफॉर्म आल्यावर ती पद्धत मागे पडली. सिद्धान्त खोटा होता आणि तरी त्या पद्धतीने मोठाल्या गाठी रुग्णांच्या अंगावरून उतरवल्या गेल्या. 'प्लासिबो' म्हणून हात झटकणारा माणूस १७८४चा निष्कर्ष घेतो आणि १८४५चा प्रश्न टाकून देतो.

मग ध्यानाच्या बाबतीत व्यतिरेक पाहिला गेला आहे का? पाहिला गेला आहे, आणि निकाल दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. १९७६ साली जोनाथन स्मिथ या मानसशास्त्रज्ञाने चिंताग्रस्त स्वयंसेवकांच्या एका गटाला मंत्र जपत करायचे भावातीत ध्यान शिकवले आणि दुसऱ्या गटाला भारदस्त नाव, तितकेच भारदस्त सैद्धान्तिक स्पष्टीकरण आणि शिकवण्याचा तसाच थाट देऊन फक्त दिवसातून दोनदा डोळे मिटून बसायला सांगितले. मंत्र नाही, तंत्र नाही. काही महिन्यांनी दोन्ही गटांची चिंता सारखीच कमी झाली होती. दुसऱ्या प्रयोगात त्याने ध्यानाच्या जवळजवळ उलट असा, मनात मुद्दाम सुखद विचारांची गर्दी करण्याचा सराव दिला. तोही तेवढाच उपयोगी ठरला. २०१४ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि ३,५१५ सहभागींचा आढावा आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा होते, असा मध्यम ताकदीचा पुरावा त्यात दिसला. पण व्यायाम, औषधे किंवा इतर वर्तनोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. 'ध्यानाने मेंदूची रचना बदलते' ही कार्यालयीन सत्रांतली ठरलेली पारदर्शिका १६ किंवा २० साधकांवरच्या जुन्या अभ्यासांवर उभी होती. २०२२ साली दोनशेहून अधिक लोकांवर, चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक वाटणी करून, आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाची तपासणी झाली तेव्हा तसा बदल दिसला नाही. ती तपासणी ध्यानाच्या विरोधकांनी केलेली नव्हती. ध्यानाचा आयुष्यभर पुरस्कार करणारे रिचर्ड डेव्हिडसन तिच्या लेखकांत होते.

उलट बाजूलाही एक चांगला पुरावा आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१५ साली फादेल झैदान आणि सहकाऱ्यांनी ७५ निरोगी लोकांच्या त्वचेवर तापलेली पट्टी लावून वेदना मोजल्या. एका गटाला खरे सजगतेचे ध्यान, दुसऱ्याला ध्यान म्हणून दिलेला पण सूचनांचा गाभा काढून टाकलेला बनावट सराव, तिसऱ्याला औषध म्हणून दिलेले निरुपयोगी मलम. खऱ्या ध्यानाच्या गटात वेदनेची तीव्रता सुमारे २७ टक्क्यांनी उतरली, मलमाच्या गटात सुमारे ११ टक्क्यांनी. बनावट ध्यानही मागे पडले, आणि मेंदूतल्या हालचालींचा नकाशाही वेगळा होता. म्हणजे निदान वेदनेच्या बाबतीत, निदान प्रयोगशाळेत, तंत्राच्या पदरात स्वतःचे म्हणून काही पडते. गाढव म्हणून सगळ्या तंत्राला हाकलून देता येणार नाही. पण हे कळले कसे? बनावट ध्यानाचा गट होता म्हणून. नुसत्या साधकांना 'बरे वाटले का' असे विचारून ते कधीच कळले नसते.

शिवाय अनुभव कोणाचे आपल्या कानावर येतात हेही पाहायला हवे. टिटवाळ्याच्या गणपतीला नवस फेडायला येणाऱ्यांच्या रांगेत नवस पूर्ण झालेलेच भेटणार. तिसऱ्या दिवशी शिबिर सोडून घरी गेलेला, सहा महिने बसून काहीच न जाणवलेला, कंटाळून चालायला लागलेला, हे व्याख्यानात हात वर करत नाहीत. आणि माणूस ध्यानाकडे वळतो तो बहुधा आयुष्याच्या सर्वांत वाईट आठवड्यांत. त्यानंतर काहीही न करता थोडे बरे वाटण्याची शक्यता बरीच असते.

श्रेयाचा प्रश्न केवळ तात्त्विक असता तर मी इतका आग्रह धरला नसता. तो व्यावहारिक होतो तो वाईट अनुभवांमुळे. २०१७ साली जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखतींतून ध्यानातल्या आव्हानात्मक अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले; त्यांत भीती, निद्रानाश, जग खोटे वाटू लागणे, आपण आपण नसल्याची भयावह जाणीव हे सारे होते. आता साधकांची अडचण पाहा. शांतता आली तर ते तंत्राचे फळ. भीती आली तर तुमचे जुने संस्कार वर येत आहेत, बसून राहा. चांगल्याचे श्रेय तंत्राला आणि वाईटाचा दोष साधकाला, असा हिशेब कुठल्या औषध कंपनीने मांडला तर आपण तो चालू देऊ का? टीकाकारांची अडचणही तितकीच मोठी आहे, कारण ज्यातून काहीच घडत नाही त्यातून माणसाची झोप कशी उडते, हे त्यांना सांगता येत नाही. विपश्यना केंद्रे प्रवेशअर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारतात आणि गंभीर आजार असलेल्यांना परावृत्त करतात. हा मला त्यांच्या शहाणपणाचा भाग वाटतो, आणि तंत्र निरुपद्रवी नाही याची ती नकळत दिलेली कबुलीही आहे.

एक आक्षेप राहिला, आणि तो मला सर्वांत कमी पटतो: ध्यानाला असे तोलणे हा परंपरेचा अवमान आहे. कोणत्या परंपरेचा? योगसूत्रांच्या चौथ्या पादाचा आरंभच सिद्धी जन्माने, औषधींनी, मंत्राने, तपाने आणि समाधीने येतात असे सांगून होतो. म्हणजे एकाच परिणामाची पाच वेगळी कारणे असू शकतात, आणि त्यांतले एक चक्क वनस्पतिजन्य आहे, हे सूत्रकाराला ठाऊक होते. तिसऱ्या पादात तो याच प्रकारच्या अद्भुत अनुभवांना समाधीतले अडथळे म्हणतो. विपश्यनेतही सुखद संवेदनेची आस धरू नका हे रोज बजावले जाते. अनुभवाला प्रमाणपत्रासारखे मिरवणे ही परंपरेची शिकवण नाही. ती शिबिराहून परतलेल्यांच्या आणि सत्रे विकणाऱ्यांच्या बोलण्यातून आलेली गोष्ट आहे.

जो माणूस पहाटे आपल्या गच्चीत बसतो, कोणाला काही सांगत नाही आणि काही विकत नाही, त्याच्याकडे पुरावा मागण्याचा मला अधिकार नाही. वाद सुरू होतो तो दुसऱ्याच्या वेळेवर आणि पैशावर हक्क सांगितला जातो तिथे. महाराष्ट्रातल्या शाळांत 'मित्र उपक्रमा'तून आनापान, म्हणजे येत्याजात्या श्वासावर लक्ष ठेवण्याचा सराव, आले आहे, आणि कंपन्या अर्थसंकल्पातून ध्यानसत्रांचे पैसे देतात. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतल्या ८ हजारांहून अधिक किशोरांवर सजगतेच्या प्रशिक्षणाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली आले, आणि नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा त्या प्रशिक्षणाने मुलांचे मानसिक आरोग्य सुधारल्याचे दिसले नाही. त्यावरून आपल्या मुलांना आनापानाचा उपयोग नाही असे ठरत नाही. तंत्र वेगळे, मुले वेगळी, शिकवणारे वेगळे. पण तपासायचे कसे ते त्यावरून नक्की कळते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या स्वतःच्या शाळा आहेत. त्यांतल्या काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात, अर्ध्यांत रोज दहा मिनिटे आनापान व्हावे आणि उरलेल्या अर्ध्यांत तीच दहा मिनिटे शांत वाचन किंवा मैदानावरचा खेळ, दोन्हीकडे तितक्याच उत्साही शिक्षकांच्या हाताखाली. कोणत्या शाळेत काय चालले आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने सत्राच्या आरंभी आणि अखेरीस मुलांची झोप, भांडणे आणि एकाग्रता यांची नोंद घ्यावी, आणि ज्या मुलांना त्रास झाला त्यांचीही. याला प्रयोगशाळा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. ऐरोलीतल्या मनुष्यबळ विभागालाही हे करता येईल: पुढच्या वेळी ध्यानसत्रांचा प्रस्ताव टेबलावर आला की आधी एवढेच विचारावे की, त्याच वेळात कर्मचाऱ्यांना नुसते शांत बसू दिले किंवा अर्धा तास आधी घरी सोडले, तर त्याच्या तुलनेत तुमचे तंत्र काय अधिक देते, आणि ते तुम्ही कशाशी ताडून पाहिले आहे.